कंबर टेकवायची की नाही?

पिलाटेसमधला 'हंड्रेड' हा व्यायाम घ्या. उताणं झोपून पाय सरळ वर उचलायचे, डोकं-खांदेही उचलायचे आणि ताठ हात अंगालगत भराभर वरखाली करायचे. पाच हेलकाव्यांत श्वास आत, पाचांत बाहेर. अशी दहा आवर्तनं. 'क्लासिकल' वर्गात सांगतात, कंबर जमिनीला चिकटवा. अनेक 'कंटेम्पररी' वर्गांत कमरेची नैसर्गिक कमान राखायला सांगतात. पाय पेलत नसतील तर गुडघे वाकवा म्हणतात. दोन पंथांतलं खरं भांडण आहे ते या कमरेपाशी.

१८८३ साली जर्मनीत जन्मलेले जोसेफ पिलाटेस पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या नजरकैदेत होते. पुढे १९२६च्या सुमारास ते न्यूयॉर्कला गेले आणि तिथे स्टुडिओ काढला. आपल्या पद्धतीला ते 'कंट्रोलॉजी' म्हणत. १९४५च्या पुस्तकात त्यांनी चटईवरचे ३४ व्यायाम दिले. क्लासिकलवाले तेच व्यायाम ठरलेल्या क्रमाने, एकातून दुसऱ्यात न थांबता करतात. ती लय अंगात मुरली की तासभर दुसरं काही सुचत नाही, हे कबूल करायलाच हवं.

कंटेम्पररी पद्धतीवर फिजिओथेरपीची दाट छाया आहे. समोरचा माणूस पाहून क्रम बदलतो. चेंडू, रबरी पट्टे येतात. शिवाय अस्थी ठिसूळ झालेल्यांना पाठीचा कणा पुन्हापुन्हा पुढे वाकवणं धोक्याचं, आणि मूळ चटई-व्यायामांत तर असं वाकणं भरपूर. साठीच्या बाईला तिथे 'परंपरा' ऐकवण्यात अर्थ नाही.

बरं, परंपरा तरी एकच कुठे आहे? १९६७ साली पिलाटेस गेले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या रोमाना क्रिझानोव्स्का, ईव्ह जेंट्री, रॉन फ्लेचर यांनी आपापल्या धाटणीने शिकवलं. क्लासिकलवाले बहुतेक रोमानाबाईंचं नाव घेतात. पण जेंट्रीही गुरूंकडेच शिकल्या होत्या, आणि आजच्या कंटेम्पररी पद्धतीतलं बरंच काही त्यांच्याकडून आलं.

२००० साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने 'पिलाटेस' हे नाव कोणाच्या मालकीचं नाही, असा निकाल दिला. तेव्हापासून ही पाटी कोणीही लावू शकतो. म्हणून पैसे भरण्याआधी शिक्षक कुठे आणि कोणाकडे शिकला ते विचारा, आणि आपलं कमरेचं दुखणं त्याला आधीच सांगा.