दिवसाला चाळीस पोटं

पहाटे ५.४५. वीज आहे, नेट आहे आणि माडाची झावळी तारेवर पडलेली नाही. आरोंद्यात या तीन गोष्टी एकदम जुळल्या की लॅपटॉप उघडायचा, चहा मागाहून. माझं काम पोटं तपासण्याचं. मी डॉक्टर नव्हे. आधी सीटी स्कॅनच्या खोलीत टेक्निशियन होते, आता घरच्या पडवीत बसून मशीननं रंगवलेले स्कॅन तपासते. मशीन म्हणजे डीप लर्निंगचा प्रोग्राम. कमरेचा तिसरा मणका, एल-३, तो शोधतो, तिथली आडवी स्लाइस उचलतो, तीत स्नायू तांबडे, कातडीखालची चरबी पिवळी आणि आतड्यांभोवतीची निळी करतो. चुकलं तिथे मी ब्रशनं पुसते. फायलीवर नाव-गाव नसतं, फक्त नंबर, वय, लिंग, उंची. आजच्या रांगेत चाळीस.

६.३०. पहिल्या दोन फायली बिनचूक. सगळी स्लाइस ५१२ बाय ५१२ ठिपक्यांची, आणि प्रत्येक ठिपक्याला हाऊन्सफील्ड आकडा: पाणी शून्य, हवा उणे हजार, चरबी साधारण उणे १९० ते उणे ३०, स्नायू उणे २९ ते १५०. मग आकड्यांवरूनच रंग भरावेत, एवढी हुशारी कशाला, असं मलाही वाटायचं. पण आतड्याची भिंत, मूत्रपिंड, प्लीहा हेही स्नायूच्याच आकड्यांत बसतात. आकार आणि जागा ओळखल्याशिवाय सुटका नाही. २०१५ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या लोकांनी यू-नेट नावाची रचना काढली, तेव्हापासून हे काम मशीनला नीट जमायला लागलं. हातानं एक स्लाइस रंगवायला मला वीस मिनिटं लागत. त्याला काही सेकंद.

८.१५. तिसरी फाईल. बाई, वय ५८, अंगावर काही उरलेलं नाही. इथे मशीन हमखास फसतं. पोटात चरबी असली की ती दोन अवयवांमध्ये शेताच्या बांधासारखी काळपट रेघ आखते. या बाईच्या पोटात बांधच नाहीत. आतडं पोटाच्या स्नायूला चिकटलंय आणि मशीननं आतड्याचा हा एवढा वेटोळा तांबडा करून टाकलाय. म्हणजे जिचा स्नायू झडलाय, तिच्याच खात्यात स्नायू जास्तीचा जमा. वर-खाली चार स्लाइस फिरवून बघितल्या तेव्हा वेटोळ्याची वाट कळली. पंचवीस मिनिटं गेली. धडधाकट, भरल्या अंगाच्या माणसांवर शिकलेलं मशीन रोडक्या माणसापाशी अडखळतं, आणि माप तर रोडक्यालाच जास्त हवं असतं. हे मी बैठकीत चार वेळा बोललेय. पाचव्यांदाही बोलेन.

१०.००. आयेनं हाक मारली. ‘खंयच्या खंयच्या लोकांची पोटां बघतंस, आणि स्वतःच्या पोटाक पेज नाय.’ उकड्या तांदळाची पेज, खाराची फोड.

११.००. सतरावी फाईल. पुरुष, उंची १.६० मीटर. मशीनचा स्नायू ११५ चौरस सेंटिमीटर. मी तपासला, बरोबर आहे. उंचीच्या वर्गानं भागलं की ४४.९. आता हा कमी की पुरेसा? पुष्कळ पेपरांत पुरुषांसाठी ५२.४ आणि बायकांसाठी ३८.५ हीच वेस दिसते. ती आली कुठून, तर २००८ साली कॅनडात कार्ला प्राडो आणि सहकाऱ्यांनी कॅन्सरच्या लठ्ठ रुग्णांवरून काढली. तिथली वेस इथल्या भात-आमटीवरच्या माणसाला लावली की अर्धं गाव आजारी ठरायचं.

शिवाय याच माणसाची निळी चरबी बघितली. कातडीखाली पिवळा पातळ पापुद्रा आणि आत निळं गच्च. वजनकाट्यावर हा सडपातळच ठरेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक हेच सांगत आले. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी आपला दोघांचा जोडफोटो छापला होता: दोघांचा बीएमआय तोच, २२.३, पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. मोजणी डेक्सा यंत्रावरची होती, सीटीची नव्हे. मला तो फोटो फार आवडतो. मोठ्या डॉक्टरानं स्वतःचंच पोट पुराव्याला लावलं.

१.००. आज इसवण मासळी मिळाली. आये विळीवर तुकड्या पाडत होती आणि मी बघत उभी राहिले. मधोमध काटा, काट्याला लगटून दोन्ही बाजूंना गच्च मांस, खाली पोटाची पातळ पट्टी. एल-३ची स्लाइस हुबेहूब अशीच. काट्याजवळच्या मांसाच्या जागी माणसाचा सोआस स्नायू. नव्या पोरांना शिकवताना मी हीच तुकडी दाखवते. शाकाहारी पोरांची अडचण होते, त्याला माझा इलाज नाही.

३.००. वीज गेली. झोपले.

५.१५. वीज आली, उरलेल्या फायली मारल्या. दोन परत पाठवल्या: एकीत रुग्ण इतका रुंद की दोन्ही कडा चित्राबाहेर कापलेल्या, दुसरीत मशीननं एल-४लाच एल-३ समजून मोजलेलं.

६.३०. दाजीकाका खळ्यात आले, हातात बांबोळीच्या इस्पितळातून आणलेली स्कॅनची प्लॅस्टिकची पिशवी. तेरेखोल नदीच्या पलीकडे गोवा, त्यामुळे इथली दुखणी बहुतेक तिकडेच जातात. सहा महिन्यांतला हा दुसरा स्कॅन. ‘तुझा मशीन ह्या फोटोंका लाव बघया.’ मी म्हटलं, काका, मी डॉक्टर नाही, आणि माझं मशीन फिल्म वाचत नाही. त्याला ठिपक्यांचे मूळ आकडे लागतात, ते सीडीत असतात. पण तुमच्या डॉक्टरांना विचारा, आधीच्या स्कॅनशी स्नायू ताडून बघता येतो का. कॅनडाच्या वेशीपेक्षा आपलाच सहा महिन्यांपूर्वीचा स्कॅन खरी वेस. पहिल्या वेळची सीडी कुठाय?

‘ती चकती? ती वांग्यांवर टांगलंय. पाखरां येनत नाय.’

परसात जाऊन पाहिलं. वांग्याच्या वाफ्यावर सुतळीला लटकून सीडी फिरत होती, उन्हानं वरचा थर सोलवटलेला. काकांचा मार्चमधला स्नायू त्यात होता.

फिल्म आणि रिपोर्ट तुम्ही जपताच. सीडीही जपा, तारीख लिहून, कपाटात. पाखरांना दुसरं काहीतरी टांगा.