चुकलेला पाळीव ससा : पकड व तपासणी

शिवारात पांढरा किंवा कबरा ससा आढळल्यास तो बहुधा कोणाच्या तरी खुराड्यातून सुटलेला असतो. तपकिरी अंगाचा, मानेमागे काळा डाग असलेला रानससा निराळा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास संरक्षण असल्याने तो पकडू नये.

पाळीव सशाचा पाठलाग न करता त्यास हळूहळू कोपऱ्याकडे वळवावे व अंगावर गोणपाट टाकावे. कान धरून उचलण्याची रीत सर्रास दिसते. ती सर्वस्वी त्याज्य होय. एक हात छातीखाली व दुसरा पुठ्ठ्याखाली द्यावा. मागील भाग अधांतरी राहिल्यास ससा जोराने लाथा झाडतो व त्या हिसक्याने त्याचा कणा मोडू शकतो.

ससा आजार लपवितो. टवटवीत डोळ्यांवर विसंबू नये. लेंडी हीच त्याच्या प्रकृतीची खरी खूण. सावलीत, कुत्र्यामांजरापासून दूर ठेवून वाळलेले गवत व पाणी द्यावे. गोल, कोरड्या लेंड्या पडल्या तर पोट चालू आहे असे समजावे. बारा तास चारा व लेंडी दोन्ही बंद असल्यास जिवास धोका असतो. विलंब न करता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. कानातील जाड खपल्या खरजेच्या असतात. शेपटीखालचा भाग ओला असल्यास माश्यांची अंडी व अळ्या शोधाव्यात. कुत्र्याच्या गोचिडांवरील फिप्रोनिल सशास घातक असल्याने घरगुती औषधोपचार टाळावा.

घरी इतर ससे असल्यास नवा ससा निदान दोन आठवडे वेगळा ठेवावा आणि दरम्यान मालकाचा शोध घ्यावा.