गल्ल्यावर क्यूआर कोड, पण हिशेब कुठे?

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात हल्ली दहा रुपयांच्या जिऱ्याचे पैसेही गिऱ्हाईक मोबाइलवरून देते. २०१६ साली यूपीआय सुरू झाले, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटबंदी जाहीर झाली आणि हळूहळू गल्लोगल्ली क्यूआर कोड दिसू लागले. पण एवढ्याने दुकान नव्या काळासाठी तयार झाले, असे समजू नका.

खरी अडचण पुढेच असते. दुकानाचे पैसे घरच्याच खात्यात जमा होतात. त्यातूनच मुलांची फी, दूध, विजेचे बिल भागते. महिनाअखेरीस नफा किती झाला, हे ना पतीला सांगता येते, ना पत्नीला. घाऊक व्यापारी वसुलीला आला की खाते रिकामे!

उपाय अवघड नाही. दुकानासाठी वेगळे खाते उघडा आणि क्यूआर कोड त्यालाच जोडा. रोज रात्री रोख, मोबाइलवरची जमा आणि उधारी वहीत लिहा, बँकेच्या नोंदीशी ताडून पाहा. गिऱ्हाइकाने दाखवलेल्या स्क्रीनवर विसंबू नका, रक्कम आपल्या खात्यात आली का ते बघा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो मागणारा ठगच समजा. फसवणूक झालीच, तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा.

वर्षभर हे सांभाळले, तर कर्ज मागताना बँकेला दाखवायला चोख हिशेब हाती असतो. नेटवर्क गेले तरी वही असतेच. साधने बदलत राहतील, टिकेल ते हिशेब ठेवणारे दुकान.