वाट सोपी, हवा कठीण

‘किल्ला थोडाच चढायचाय? सपाट वाट आहे, वर झाडी आहे, समुद्रही जवळ आहे. ऊन कसलं लागतंय!’ कोकणातल्या जंगलफेरीला निघणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गटात हे वाक्य कानावर येतं आणि बाकीचे सगळे मान डोलावतात. मग माणशी पाण्याची एक लहान बाटली, पोटात भरपेट मिसळ आणि सकाळी साडेदहाला सुरुवात. गटात राजगड-तोरणा एका दमात करणारे गडी असतात. दुपारी त्यांच्यातलाच एखादा झाडाखाली डोकं धरून बसतो, त्याला मळमळतं, पायात गोळे येतात आणि सगळे मिळून ठरवतात की सकाळचं खाणं बाधलं. खाणं बाधलेलं नसतं. त्याला उष्म्याचा त्रास होत असतो आणि तो वेळीच ओळखला नाही तर पुढची पायरी उष्माघाताची असते.

हा गैरसमज इतका घट्ट का बसला, ते समजतं. ट्रेकची अवघडता आपण चढावरून मोजतो. चढ डोळ्यांना दिसतो, हवेतला ओलावा दिसत नाही. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत तयार झालेलं शरीर घाटाखाली उतरल्यावर वेगळ्याच परिस्थितीत काम करत असतं, पण त्याची नोंद कुणी घेत नाही.

मूळ घोळ घामाबद्दलच्या समजुतीत आहे. ‘घाम येतोय ना, मग शरीर थंड होतंय’ असं सुशिक्षित माणसंही छातीठोकपणे सांगतात. घाम नुसता आल्याने शरीर थंड होत नाही. तो अंगावर वाळला तरच होतं. अर्धा लिटर घाम पूर्ण वाळला तर तो शरीरातून सुमारे २९० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. सपाटीवर तासभर चालताना मध्यम बांध्याच्या माणसाच्या शरीरात साधारण २०० ते २५० किलोकॅलरी खर्च होतात आणि त्यातल्या बहुतेकांची उष्णताच होते. म्हणजे कोरड्या हवेत अर्ध्या लिटर घामात हिशेब मिटतो. कोकणात मात्र हवाच पाण्याने भरलेली असते. घाम वाळायला जागा नसते, तो कपाळावरून, कोपरांवरून ठिबकत राहतो, शर्ट पिळावा लागतो. जमिनीवर ठिबकलेल्या घामाने पाणी आणि मीठ नेलेलं असतं, उष्णता मात्र शरीरातच राहिलेली असते. शरीर मग आणखी घाम काढतं.

याचं एक सरळ मोजमाप आहे. तापमापकाच्या फुग्याला ओलं कापड गुंडाळायचं आणि त्यावरून वारा जाऊ द्यायचा. कापडातलं पाणी वाळेल तितका पारा उतरतो. तो जिथे थांबतो, तिथपर्यंतच त्या हवेत पाण्याने गारवा मिळू शकतो. नागपुरात ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फुग्याचा पारा २२ अंशांच्या आसपास येतो. मुरुडमध्ये ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर तो २९ वरच अडतो. बातम्यांत ४२ चा आकडा ऐकून आपण हळहळतो आणि ३३ चा ऐकून पाठपिशवी भरतो. घाम वाळण्यापुरतं बोलायचं तर दुसरी हवा जास्त वाईट आहे. (विदर्भातलं ऊन सौम्य आहे असा याचा अर्थ कुणी काढू नये. ते वेगळ्या वाटेने मारतं, शरीर भराभर सुकवतं.)

ओल्या फुग्याचे ३५ अंश ही माणसाच्या सहनशक्तीची मर्यादा आहे, असं २०१० मध्ये हिशेबाने मांडलं गेलं होतं. पुढे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तरुण, धडधाकट माणसांना उष्ण खोलीत हलकी हालचाल करायला लावून प्रत्यक्ष मोजणी झाली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दमट हवेत साधारण ३१ अंशांनाच त्यांच्या शरीराचं तापमान चढू लागलं आणि ते खाली येईना. २९ आणि ३१ यांच्यात फार अंतर नाही. आणि आपल्या गटात सगळे तरुण, धडधाकट नसतात. आजी असतात, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे काका असतात, शाळेतली मुलं असतात.

कुणाला हे सगळं प्रयोगशाळेतलं वाटत असेल तर भारतीय हवामान विभागाचे निकष पाहावेत. उष्णतेची लाट जाहीर करण्यासाठी मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असावं लागतं. किनारपट्टीवर तापमान सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी वर आणि ३७ अंश असलं तरी पुरतं. हा तीन अंशांचा फरक उगाच ठेवलेला नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्म्याने माणसं कोसळली आणि सरकारी आकड्यानुसार १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी परिसरातलं तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं. ती माणसं कुठला डोंगर चढत नव्हती, उघड्यावर बसून होती.

आता झाडीविषयी. झाडाची सावली अंगावर पडणारं थेट ऊन अडवते, हे खरंच आहे आणि तो मोठा आधार आहे. पण दाट झाडी वाराही अडवते आणि पानांमधून सतत पाण्याची वाफ सोडत असते. मुरुड आणि रोह्याच्या मधलं फणसाड अभयारण्य हे याचं चांगलं उदाहरण. एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान असलेल्या या जंगलाला १९८६ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. सुपेगावाकडून आत शिरलं की वाटा खरोखर सोप्या आहेत, गारंबीचे अवाढव्य वेल पाहत आरामात चालता येतं. तिथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. अशा एखाद्या गाणीपर्यंतची फेरी कुणालाही झेपेल, पण सकाळी नऊनंतर आत पान हलत नाही. समुद्र हाकेवर असून त्याचा वारा या झाडीत पोचत नाही.

समुद्राच्या वाऱ्यावर तर लोकांचा आंधळा विश्वास असतो. रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे सकाळी मंदावतात आणि समुद्राकडून येणारे खारे वारे दुपारकडे जोर धरतात. या दोन्हींच्या मधल्या वेळात हवा पडलेली असते आणि बहुतेक गट नेमके तेव्हाच चालायला सुरुवात करतात. मार्चमध्ये तर पूर्वेकडचे गरम वारे कधी कधी खाऱ्या वाऱ्याला दुपार उलटेपर्यंत आत येऊ देत नाहीत. मुंबईत सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी नोंदलेलं ४१.७ अंश तापमान समुद्राशेजारचंच आहे.

आणि सगळ्यात फसवी वाट सड्यावरची. रत्नागिरी, राजापूर, देवगडकडे कातळशिल्पं पाहायला हल्ली पुष्कळ लोक जातात आणि जावंच. युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत २०२२ मध्ये त्यांची नोंद झाली आहे. चढ नाही, झुडूप नाही, नजर जाईल तिथवर उघडा जांभा. तो दिवसभर तापतो आणि खालून उष्णता फेकत राहतो. डोक्यावर टोपी असते, पण खालून येणाऱ्या झळांना ती काय करणार? एप्रिलच्या दुपारी बारा वाजता लहान मुलांना घेऊन सड्यावर फिरणारी कुटुंबं दिसतात तेव्हा मला त्यांचा राग येत नाही. त्यांना ‘अगदी सोपं आहे हो’ असं सांगून पाठवणाऱ्यांचा येतो.

पाणी किती न्यावं, हा प्रश्न मग आपोआप येतो. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी ‘नायॉश’ ही सरकारी संस्था उन्हात काम करणाऱ्यांना दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर, म्हणजे सुमारे २४० मिली पाणी प्यायला सांगते. तासाला पाऊण ते एक लिटर झालं. तीन तासांच्या फेरीला माणशी अडीच लिटर धरावं. तहान लागेपर्यंत थांबू नये. उलट टोकही गाठू नये. तासाला दीड लिटरच्या पुढे नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. म्हणून सोबत मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत, ताक, नाहीतर ओआरएसची पुडी असावी. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. बियर यात मोजू नये, ती शरीरातलं पाणी घालवते.

खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, ही समजूत आजीच्या मायेपोटी आली असेल, पण खिशातल्या कांद्याचा शरीराच्या तापमानाशी काहीही संबंध नाही. कांदा ठेवायचा तर ठेवा, त्याच्या भरवशावर पाणी कमी नेऊ नका. दर उन्हाळ्यात फिरणारा दुसरा निरोप मात्र निव्वळ घातक आहे: उन्हातून आल्यावर गार पाणी प्यायलं किंवा अंगावर घेतलं तर रक्तवाहिन्या फुटतात म्हणे. हा निरोप वाचून उद्या कुणी उष्माघाताच्या माणसावर पाणी ओतायला कचरलं तर तो माणूस दगावेल. श्रमामुळे झालेल्या उष्माघातावर सगळ्यात परिणामकारक उपाय कोणता, तर थंड पाण्यात बुडवणं.

‘उष्माघात झाला की अंग कोरडं ठक्क पडतं’ हेही अर्धंच खरं. चालून, श्रम करून झालेल्या उष्माघातात अंग घामाने थबथबलेलं असू शकतं. घाम पाहून धीर धरू नका, माणसाचं बोलणं पाहा. तो असंबद्ध बोलतोय, चिडतोय, झोकांड्या खातोय, नाव-गाव विचारल्यावर गोंधळतोय? मग ही आणीबाणी आहे. १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत हात बांधून बसू नका. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, असेल नसेल ते पाणी अंगावर ओता आणि सतत वारा घाला. मान, काखा, जांघा ओल्या ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. तापाची गोळी देऊ नका, ती इथे काम करत नाही. आधी थंड करायचं, मग हलवायचं. हा क्रम उलटा झाला की वाटेतला तास वाया जातो आणि त्या तासात मेंदू, मूत्रपिंडं, यकृत भाजून निघतात.

बाकीच्या गैरसमजांना एवढी जागा द्यायची गरज नाही.

फुरसं उडून चावतं, असं कोकणात सर्रास सांगतात. ते उडत नाही, पण झटका फार चपळ मारतं. पाय पाहून टाका, पालापाचोळ्यात हात घालू नका. चावलंच तर आवळून बांधणं, चिरणं, चोखणं यातलं काहीही न करता तो अवयव हलू न देता सरकारी रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची गरज नसते.

माकडताप माकड चावल्याने होत नाही, गोचिडी चावल्याने होतो. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये त्याची साथ आली. तिकडच्या जंगलात हिवाळा-उन्हाळ्यात जाणार असाल तर लांब बाह्या, पँट मोज्यात खोचलेली आणि परतल्यावर अंग तपासून गरम पाण्याची आंघोळ, एवढं तरी करा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

झऱ्याचं पाणी वाहतं म्हणून शुद्ध असतं, असं नाही. वर गुरं पाण्यात उतरलेली खालून दिसत नाहीत.

इथे ऊन पडलंय म्हणजे ओढा वाढणार नाही, हेही नाही. वर घाटात कोसळलेला पाऊस खाली थोड्याच वेळात पोचतो.

भरतीची वेळ रोज तीच नसते, ती दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. जंगलातून उतरून खडकांवरून वळसा घालत पुढच्या पुळणीवर जायचं असेल तर आधी गावात विचारा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजी वेळ मिळते, हा हिशेब किनाऱ्यावर अजून चालतो: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या.

‘फणसाडला काही दिसतच नाही’ असं दुपारी बाराला आत शिरणारे म्हणतात. त्या वेळी शेकरूसुद्धा गर्द फांदीत स्वस्थ पडून असते. जंगल जागं असतं ते उजाडल्यापासून पहिले दोन-तीन तास आणि माणसाला चालायलाही तोच वेळ बरा.

सहली काढणाऱ्यांना एकच कळकळीची विनंती आहे. जाहिरातीत ‘सोपी, सर्वांना झेपेल अशी फेरी’ एवढंच लिहून थांबू नका. चालायला कधी सुरुवात होणार, वाटेचा किती भाग सावलीत आहे, पाणी शेवटचं कुठे मिळतं आणि सर्वांत जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, हेही त्याखाली लिहा. मार्चपासून पावसाळा लागेपर्यंत आणि ऑक्टोबरमध्ये फेरी सकाळी साडेसहाला सुरू करून दहाच्या आत संपवा. साडेदहाला येणाऱ्यांना पैसे परत करा, पण जंगलात नेऊ नका.