जुळ्यांतल्या एकाच्या तोंडाला फेस येतो तेव्हा

जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावात जुळी जन्मली की त्यांची तुलना पहिल्या तासापासूनच सुरू होते. एक बाळ अंगावर नीट पितं. दुसऱ्याच्या तोंडाला सारखा फेस येतो, घोट घेताच ठसका लागतो आणि ओठ निळे पडतात. ‘पोटातलं पाणी प्यालंय, निघून जाईल’, ‘जुळ्यात एक नाजूकच असतं’ असं म्हणत घरचे थांबतात. हे थांबणंच जिवावर बेततं.

अन्ननलिका जन्मतःच मध्ये बंद असेल, तर लाळही खाली उतरत नाही. अशा सुमारे 85 टक्के बाळांत नलिकेचं खालचं टोक श्वासनलिकेला जोडलेलं असतं, त्यामुळे जठरातलं आम्लही फुफ्फुसांत शिरतं. त्यात कुणी मध किंवा घुटी चाटवली तर संपलंच! तपासणी साधी आहे: तोंडातून घातलेली जराशी ताठ नळी साधारण 10 सेंटीमीटरवर अडते, आणि ती तिथेच अडकलेली एक्स-रेत दिसते.

सोनोग्राफीत कसं कळलं नाही, हा प्रश्न हमखास येतो. श्वासनलिकेच्या जोडातून गर्भजल जठरात पोचतं, जठर भरलेलं दिसतं आणि दोष निसटतो.

एकाला आहे म्हणजे दुसऱ्यालाही असणार, असंही नाही. हा दोष जुळ्यांत दोन-तीन पट जास्त आढळतो, पण बहुतेकदा दोघांपैकी एकालाच असतो. अगदी एकसारख्या जुळ्यांतही. मग नुसत्या आनुवंशिकतेला बोल कसा लावायचा? ग्रहणाला तर नाहीच. अन्ननलिका आणि श्वासनलिका एकमेकींपासून वेगळ्या होतात त्या गर्भाच्या चौथ्या-पाचव्या आठवड्याच्या सुमारास, जेव्हा कित्येक बायकांना दिवस गेल्याचंही ठाऊक नसतं.

‘एवढंसं बाळ, शस्त्रक्रिया काय सोसणार?’ अमेरिकेत कॅमेरॉन हाइट यांनी 1941 मध्ये एकाच शस्त्रक्रियेत नलिका जोडून बाळ वाचवलं. लंडनच्या लुईस स्पिट्झ यांनी 1994 मध्ये मांडलेल्या आकड्यांत, दीड किलोहून जास्त वजनाची आणि हृदयात मोठा दोष नसलेली 97 टक्के बाळं जगली; वजन कमी आणि हृदयदोषही असेल, तर 22 टक्के. जुळी बरेचदा दिवस भरण्याआधी, कमी वजनाची जन्मतात. त्यांचा धोका वाढतो तो मुख्यतः इथे. आपल्याकडे उशीर, गारठा आणि न्यूमोनिया त्यात भर घालतात. म्हणून तोंडाने काही न देता, डोकं उंच ठेवून, लाळ ओढत, ऊबेत बाळाला बालशल्यचिकित्सकाकडे न्यायचं. टेंभुर्णीहून म्हणजे बहुधा छत्रपती संभाजीनगरला. आजारी नवजात बाळासाठी 102 ची गाडी मोफत आहे.

शस्त्रक्रियेनंतर सगळं मिटतं असंही समजू नये. आम्लाचा त्रास राहतो, जोड आकसला तर तो रुंद करावा लागतो, भाकरी बारीक चावून, पाण्याच्या घोटाबरोबर खावी लागते. खोकला मात्र वर्षानुवर्षं घोगरा, भुंकल्यासारखा येतो. वर्गशिक्षकांना आधीच सांगून ठेवावं, नाहीतर डांग्या खोकला समजून मुलाला घरी पाठवतील.