वेष्टनावरील तारीख आणि अन्नाच्या बिघाडाचे शब्द

अन्न बिघडण्याच्या निरनिराळ्या तऱ्हांस मराठीत निरनिराळे शब्द आहेत. पापड सादळतो, शेंगदाणे खवट होतात, वरण विटते, दूध नासते, भाकरी बुरसते. हे शब्द समानार्थी नव्हेत. सादळणे हा हवेतील ओलाव्याचा परिणाम होय. असा पापड पुन्हा भाजला की खाण्याजोगा होतो. खवटपणा स्निग्धांशाचा प्राणवायूशी संयोग होऊन उत्पन्न होतो. बुरशी मात्र दिसते त्याहून खोल पसरलेली असते व काही बुरश्या विषद्रव्येही निर्माण करतात. म्हणून बुरसलेली भाकरी टाकणेच इष्ट. तात्पर्य, अन्नाचे पुढे काय करावे याचा संकेत पुष्कळदा शब्दातच अंतर्भूत असतो.

वेष्टित अन्नाच्या बाबतीत या शब्दांची जागा तारखेने घेतली आहे. परंतु तारखाही दोन प्रकारच्या असतात. ‘बेस्ट बिफोर’ ही गुणवत्तेची मर्यादा. ती उलटल्यावर चव वा कुरकुरीतपणा उणावला, तरी पदार्थ निर्धोक असू शकतो. ‘यूज बाय’ अथवा ‘एक्स्पायरी’ ही सेवनाची मर्यादा. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी दुसरी तारीख अनिवार्य व पहिली ऐच्छिक ठरविली. हा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असावा लागतो. अन्य भाषा जोडण्यास मुभा आहे, सक्ती नाही. परिणामी मराठी बोलण्यात दोहोंसाठी ‘तारीख उलटली’ हा एकच प्रयोग रूढ होतो आणि चांगले अन्नही केराच्या टोपलीत जाते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील सुमारे ६० टक्के घराघरांतले होते.

येथे यंत्राचे साहाय्य होऊ शकते. दुकानांतील परिचित १३ अंकी बारकोड केवळ वस्तूची ओळख सांगतो. नव्या चौकोनी संकेतांत मात्र उत्पादनगटाचा क्रमांक व तारीखही साठविता येते. त्यामुळे मुदत संपत आलेला माल दुकानदारास वेळीच स्वस्तात विकता येतो आणि गृहिणीस भ्रमणध्वनीवर आगाऊ सूचना मिळू शकते. तथापि यंत्र दिलेलाच शब्द उच्चारते. दोन्ही तारखांना त्याने ‘मुदत संपली’ असेच म्हटले, तर नासाडी कमी न होता वाढेल. म्हणून मराठी सूचनांत ‘या तारखेपर्यंत उत्तम’ आणि ‘या तारखेनंतर खाऊ नये’ असे दोन स्पष्ट प्रयोग असणे अगत्याचे आहे.

याचा अर्थ केवळ नाकावर विसंबावे असा नव्हे. काही रोगजंतू वास वा चव न बदलता वाढतात. लिस्टेरिया तर शीतकपाटातही वाढतो. सेवनाची मर्यादा म्हणूनच निरपवादपणे पाळावी. मात्र छापील तारीख न फोडलेल्या आणि सांगितल्याप्रमाणे साठविलेल्या पाकिटापुरतीच खरी असते. पाकीट फोडल्यानंतर तिच्यावर विसंबता येत नाही. तेथे वेष्टनावरील साठवणुकीची सूचना आणि सादळणे, विटणे, बुरसणे यांतील भेद ओळखणारी दृष्टी, या दोहोंची गरज लागते.