सामूहिक मिथ्यास्मृती
प्रत्यक्षात न घडलेली किंवा निराळ्या रीतीने घडलेली गोष्ट अनेक व्यक्तींना सारख्याच चुकीच्या स्वरूपात आठवणे, ह्यास सामूहिक मिथ्यास्मृती म्हणतात. तीत फसविण्याचा हेतू नसतो. सांगणाऱ्यास आपली आठवण खरीच वाटते. नेल्सन मंडेला १९८० च्या दशकात तुरुंगातच मरण पावले, असे अनेकांना आठवत असे. प्रत्यक्षात ते १९९० मध्ये सुटले व २०१३ मध्ये निधन पावले. त्यावरून ह्या आविष्कारास ‘मंडेला परिणाम’ असेही म्हणतात.

शोले (१९७५) ह्या हिंदी चित्रपटातील उदाहरण महाराष्ट्रात परिचित आहे. माणसे किती होती, हा प्रश्न गब्बरसिंग सांबाला विचारतो, असे पुष्कळांना आठवते. वस्तुतः तो हात हलवीत परतलेल्या कालिया व त्याच्या साथीदारांना विचारलेला आहे. सांबाला विचारलेला प्रश्न सरकारी बक्षिसाच्या रकमेविषयी आहे. एकाच प्रसंगातील हे दोन प्रश्न नकला व विनोद ह्यांतून एकत्र जोडले गेले.

स्मरण म्हणजे साठविलेल्या नोंदीचे वाचन नसून पूर्वज्ञानाच्या आधारे केलेली पुनर्रचना होय, असे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट ह्यांनी १९३२ मध्ये प्रतिपादिले. विसरलेले तपशील परिचित साच्यांनुसार भरले जातात. साचे समान असल्याने चुकाही समान होतात. शिवाय माहितीचा उगम विसरला जातो व नकलेत ऐकलेले वाक्य मूळ चित्रपटातलेच वाटते.

म्हणून अनेकांची एकवाक्यता हा सत्याचा पुरावा ठरत नाही. आपापसांत बोललेल्या साक्षीदारांच्या जबान्या जुळल्या, तरी त्या स्वतंत्र पुराव्याने पडताळणे आवश्यक असते.